आमचा फोन रात्री बंद असतो

आमच्या घरात रात्री फोन बंद ठेवायचा नियम मी केला आणि तो बरोबर पावणेआठ तास टिकला.

माझं सोलापुरात नवी पेठेत टॉवेल-चादरींचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तोंडाला कोरड पडते. तेव्हा रात्री तरी कुणी आपल्याशी बोलू नये, एवढीच माझी माफक अपेक्षा! पण फोनला ते कोण समजावणार? कुणीतरी अकरा वाजता गुलाबाच्या फुलांसकट 'शुभ रात्री' पाठवतं आणि त्या टिंग आवाजाने माझी रात्र तिथेच संपते. एकदा तर पहाटे तीनला अनोळखी नंबरवरून फोन आला. "मेंढरं निघाली का?" मी झोपेतच "निघाली" म्हणालो आणि ठेवून दिला. (त्या मेंढरांचं पुढे काय झालं असेल, या विचाराने मला अजून अपराधी वाटतं.)

अशात दुकानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. उशाशी चालू फोन ठेवला तर झोप उडते, केस गळतात आणि विसरभोळेपणा येतो म्हणे. ही तिन्ही लक्षणं माझ्यात फोन घ्यायच्या आधीपासून होती, पण आता दोष द्यायला कुणीतरी सापडलं. मी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "आजपासून रात्री फोन बंद. सगळ्यांचे! बंद करून कडक भाकरीच्या डब्यात ठेवायचे. पत्र्याचा डबा आहे, लहरी बाहेर येणार नाहीत."

"भाकरीच्या डब्यात फोन?" बायको म्हणाली. "मग भाकरी काय चार्जरला लावू?"

आम्ही दोघं मूळचे माळशिरसचे. सोलापुरात येऊन मी दुकानाची भाषा शिकलो, तिने मात्र माळशिरसची भाषा आणि माझी खोड काढायची सवय, दोन्ही जशीच्या तशी जपली आहे.

"आवो, पोरीचं दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "कवा काय हुईल सांगता येत न्हाय. फोन चालू असूंद्यात की!"

आमची एकुलती एक लेक लीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नाला चार वर्षं झाल्यावर हा योग आलेला, त्यामुळे दोन्ही घरांचा जीव टांगणीला. डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली होती. पण माझा मुद्दा बिनतोड होता.

"लीला कुठे आहे? आपल्या घरात. बाळ कुठे होणार? सोलापुरात. म्हणजे बातमी इथे तयार होणार आणि इथून बाहेर जाणार. आपल्याला फोन करून कोण सांगणार आहे, की अभिनंदन, तुमची मुलगी बाळंत झाली?"

बायको गप्प बसली. (लग्नानंतर तिसऱ्यांदा. आधीच्या दोन वेळांना तिचा घसा बसला होता.)

आता नियम केला तर तो लीलाच्या सासरीही कळवायला हवा, कारण विहीणबाई रोज रात्री अकराला सुनेची चौकशी करायला फोन करायच्या. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, शेत थेट कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. घरात सगळे कानडी बोलतात. त्यांचे यजमान लवकर गेले. एकट्या बाईने शेती केली, मुलाला, म्हणजे आमच्या जावयाला, मल्लिनाथला वाढवलं. बाई कर्तबगार, पण मराठी बोलायला लागल्या की तो, ती, ते यांची नुसती पळापळ. "माझा सून लई गुणी हाय री." "गाडी आला री." प्रत्येक वाक्याच्या शेवटी आदराचं 'री'. त्यांची ही वाक्यं मी दुकानात नक्कल करून सांगायचो आणि वर टाळ्या घ्यायचो. मला स्वतःला कानडीतलं किती येत होतं? काहीच नाही! पण माझं हसण्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

पावणेदहाला फोन लावला. विहीणबाईंच्या घरी रेंज फक्त माळवदावर (म्हणजे मातीच्या गच्चीवर) मिळते, त्यामुळे फोन वाजला की त्या आधी शिडी चढतात, मग 'हॅलो' म्हणतात. त्या रात्री वाराही सुटला असावा. माझे चार शब्द निघाले की त्यांना दोनच पोचत होते.

"विहीणबाई, आमच्या घरात आजपासून रात्री फोन बंद!"

"घरात... काय री? यार?"

विहीणबाईंनी मला 'यार' म्हटलं! मी जरा चमकलो. पण फोन उगाच लांबवायचा नव्हता.

"बंद! बंदऽऽ!" मी शेवटचं अक्षर चांगलं ताणून ओरडलो.

पलीकडून बारीक, कापऱ्या आवाजात, "खरं सांगताव काय री, बीगर?" (बीगर म्हणजे व्याही. एवढं एक मला कळायचं.)

"खोटं कशाला सांगू? आत्ताच! पावणेदहाला बंद!"

"शिवा शिवा! लीला कसा हाय?"

"मजेत! भाकरी खाऊन झोपली."

"भाकरी? लगेच?"

"लगेच म्हणजे? दोन खाल्ल्या!"

"छलो आत री बीगर! छलो आत!"

त्या 'चलो आता' म्हणताहेत, म्हणजे फोन ठेवायचा म्हणताहेत, असं मी धरून चाललो. "हो हो, चलो आता," मीही म्हणालो.

"नाळे बर्तीव री!"

मला ऐकू आलं, नळ आणि भरती. आमच्याकडे नळाला दिवसांआड पाणी. नळ म्हटलं की सोलापूरकराचं काळीज आपोआप हलतं. त्यांच्याही गावात आज पाणी सुटलं असणार! मी मनापासून सांगितलं, "भरा, भरा! असेल नसेल ते सगळं भरून घ्या!"

फोन ठेवला, बंद केला. बायकोचा आणि लीलाचाही घेतला, तिन्ही डब्यात घातले आणि झाकण दाबून बसवलं. आणि काय सांगू, काय झोप लागली! असा मी लग्नाच्या आधी झोपलो असेन.

पहाटे साडेपाचला दारात हॉर्न वाजला. एकदा नाही, वाजतच राहिला. खिडकीतून पाहिलं तर एक जीप उभी. टपावर दोरीने बांधलेला लाकडी पाळणा. आतून बायका उतरताहेत, एक, दोन, पाच, सहा. प्रत्येकीच्या डोक्यावर बुट्टी. सगळ्यांच्या पुढे नवीकोरी इरकल नेसलेल्या विहीणबाई आणि सगळ्यांच्या मागे, काठी टेकत, त्यांच्या गावच्या मठातले म्हातारे जंगम स्वामी! आमच्यात बाळ जन्मलं की स्वामी येऊन त्याला लिंगधारण करतात. पण बाळच नाही तर स्वामी कशाला आले, हे काही मला उलगडेना.

बायकोने दार उघडलं. विहीणबाईंनी तिला घट्ट मिठी मारली आणि विचारलं, "कूस एल्लि री?"

"ऊस?" बायको अर्धवट झोपेत. "ऊस माळशिरसला हाय आमचा. हितं कुटला?"

"ऊस नाही री! बाळ! बाळ कुठं हाय?"

"बाळ?" बायको बावचळून म्हणाली. "हितं कुटलं बाळ? बाळ न्हाय."

ती जे सांगत होती ते अगदी खरं होतं. पण ते ऐकून विहीणबाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला आणि त्या दारातल्या पायरीवर मटकन बसल्या. बायकांच्या डोक्यावरच्या बुट्ट्या खाली आल्या. आणि मग जीपच्या पलीकडून जावईबापू पुढे आले. घोट्यापर्यंत चिखल, डोळे लाल. त्यांच्याकडे शेतीची लाइट रात्रीची येते. अकराला पाणी देऊन घरी आले, आई म्हणाली मुलगा झाला, आणि तेव्हापासून ते आम्हाला फोन लावत होते. माझा बंद, बायकोचा बंद, लीलाचा बंद. दुकानाच्या फोनवरही लावला. तो बिचारा शटरच्या आत रात्रभर एकटा वाजत राहिला होता.

"मामा," ते म्हणाले, "लीला... लीला तरी हाय का?"

हे मी विनोदी म्हणून सांगतोय खरं, पण तो प्रश्न विनोदी नव्हता. तो आवाज आठवला की मला अजून स्वतःची लाज वाटते. एका माणसाने रात्रभर बंद फोन ऐकत काय काय मनात आणलं असेल! मी लीलाला हाक मारायला आत वळलो.

तेवढ्यात आतून आवाज आला, "आई, चहा टाकलास का? कोण आलंय?" आणि पोटावर हात ठेवून, डुलत डुलत लीला दारात उभी राहिली.

जावईबापू तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिचा हात धरला आणि सगळ्या बायकांच्या देखत लहान पोरासारखे रडले. विहीणबाई पायरीवरून उठल्या, सुनेच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, पोटाकडे नीट पाहिलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"बीगर, तुमी तर सांगितलाव, बंद म्हणून!"

"बंदच सांगितलं! फोन बंद!"

लीलाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सासूकडे. चार वर्षांत ती फर्डी कानडी शिकली होती. तिने डोक्यावर हात मारला. "अण्णा, बंद म्हणजे कानडीत 'तो आला'!"

मग सगळा उलगडा झाला. 'यार' म्हणजे 'कोण'. कोण आला, असं त्या विचारत होत्या आणि मी छातीठोकपणे सांगत होतो, आला, आला, पावणेदहाला आला! 'छलो आत' म्हणजे 'छान झालं'. 'नाळे बर्तीव' म्हणजे 'उद्या येतो'. त्यावर मी म्हणालो होतो, असेल नसेल ते भरून घ्या. त्यांनी ते शब्दशः पाळलं होतं.

"गावभर साखर वाटली री," विहीणबाई कपाळ धरून म्हणाल्या. "हेडमास्तरला झोपेतून उठवून वाटली. आता गावात काय सांगू? नातू आली आणि परत गेली?"

यावर आधी बायको हसली, मग लीला, मग सगळ्याच. स्वामी मात्र शांतपणे आमच्या कॉटवर जाऊन बसले. "शिव शिव," ते म्हणाले, "आलोय तर बसतो. येणारा येईल की." माणसं इतक्या विश्वासाने वाट बघू शकतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

लीला हसत होती. हसता हसता ती थांबली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आई... हे हसण्याचं दुखणं नाही वाटत."

मग जी पळापळ झाली ती झाली! मी हॉस्पिटलला फोन करायला धावलो. फोन डब्यात. डब्याचं झाकण मी रात्री इतक्या निष्ठेने दाबलं होतं की ते उघडेना. उलथन्याने प्रयत्न केला, उलथनं वाकलं. जावईबापूंचा फोन मागितला, तर रात्रभर आम्हालाच लावून लावून त्यांची बॅटरी संपलेली. घरात आणि दारात मिळून दहा-बारा माणसं, आणि चालू फोन एकही नाही!

"थांबा री," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून आपला जुना बटणांचा फोन काढला. तो कधीच बंद नसतो. बंद कसा करतात हे त्यांना माहीत नाही. हॉस्पिटलचा नंबर बायकोने आठ दिवसांपूर्वीच पिठाच्या डब्यावर खडूने लिहून ठेवला होता. पहिल्याच रिंगला पलीकडून उत्तर आलं. त्यांचाही फोन रात्री चालू असतो.

आणि रिक्षा शोधायला नको, दारात जीप हजर! पाळणा टपावर तसाच, आत लीला, जावई, दोन्ही आया, स्वामी आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर भाकरीचा डबा घेऊन मी. तो डबा मी का घेतला ते मला आजही सांगता येणार नाही. रिकाम्या नवी पेठेतून पाळण्यासकट आमची वरात निघाली, तेव्हा झाडू मारणाऱ्या बाईने हात जोडले. देवाची पालखी समजली असावी.

हॉस्पिटलात लीलाला आत नेलं आणि आम्ही बाकांवर बसलो. बसून बसून काय करायचं, म्हणून जावईबापूंनी डबा घेतला, कडेला दोन बुक्क्या मारल्या आणि झाकण निघालं. मी तिन्ही फोन सुरू केले. तेव्हा त्या शांत व्हरांड्यात जे सुरू झालं! जावईबापूंच्या रात्रभरच्या चुकलेल्या कॉलचे मेसेज एकदम यायला लागले. टिंग, टिंग, टिंग! तिन्ही फोन एकदम! आतून नर्सबाई तावातावाने बाहेर आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "बंद!"

"बंद?" विहीणबाई ताडकन उठल्या. "बंद री?"

"अहो, नाही!" मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "हे आमचं बंद! मराठीतलं!"

साडेनवाला पुन्हा दार उघडलं. तेव्हा मात्र तिन्ही फोन गप्प होते. नर्सबाई हसत म्हणाल्या, "मुलगी झाली. दोघी छान आहेत."

बायकोने डोळे पुसले. मला आनंद झाला, आणि त्याच्याबरोबर धडकीही भरली. गावभर नातवाची साखर वाटून आलेल्या बाईला आता काय वाटेल? दुपट्यात गुंडाळलेली नात बाहेर आणली, तेव्हा विहीणबाईंनी तिला दोन्ही हातांत घेतलं. किती तरी वेळ बघितलं. मग त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं आणि त्या एकच शब्द म्हणाल्या.

"बंदळु!"

"काय म्हणाल्या?" मी घाबरून जावईबापूंना विचारलं.

"ती आली," जावईबापू म्हणाले.

विहीणबाई नात बायकोच्या हातात देऊन तडक निघाल्या. आम्ही मागे. त्या सरळ हॉस्पिटलच्या गच्चीवर! (व्हरांड्यात रेंजच रेंज होती, पण फोन म्हटलं की चढायचं, ही त्यांची पद्धत.) तिथून त्यांनी गावाला फोन लावला आणि अर्ध्या सोलापूरला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बंद अल्ल! बंदळु! बंदळु!" ('अल्ल' म्हणजे 'नव्हे'.) मग पुढे बरंच काही कानडीत. मधेमधे 'बीगर' ऐकू येत होतं आणि पलीकडून हसण्याचा आवाज.

"काय सांगतायत?" मी पुन्हा जावईबापूंकडे.

ते जरा संकोचले. "आई म्हणतेय, परत साखर वाटा, नात झाली. बातमी खरीच होती, फक्त व्याह्यांना तो आणि ती यातलं काही कळत नाही, त्यांनी चुकीचं सांगितलं."

ज्या बाईची 'गाडी आला' दुकानात सांगून मी टाळ्या घेतल्या, तिने अख्ख्या गावाला माझं व्याकरण सांगितलं! स्वामींनी बाळाला आशीर्वाद दिला, लिंगधारणेला सावकाश येतो म्हणाले आणि जाता जाता अट घातली, की तारीख मात्र बीगरांनी कळवायची नाही.

त्या दिवसापासून आमचे फोन रात्रभर चालू असतात. विहीणबाई अकराला फोन करतात, मी फोन पाळण्याशी धरतो, नात काहीतरी 'अग्गू' करते आणि त्या पलीकडे माळवदावर उभ्या राहून खूश होतात. खरं सांगू? आता अकरा वाजले आणि फोन वाजला नाही, तर मलाच चुकल्यासारखं होतं. केस गळायचे ते गळतातच.

मी कानडीही शिकायला घेतली. लीलाकडून रोज दोन शब्द. निदान आदराने तरी बोलावं, म्हणून 'री' आधी उचललं. परवा विहीणबाईंशी बोलणं छान झालं, नात हसली, सगळं मनासारखं. फोन ठेवताना आपण म्हणतो ना 'बरं', त्याला मी ते नवं शिकलेलं 'री' मोठ्या प्रेमाने जोडलं.

"बरं री!" मी म्हणालो. पलीकडून कुणी काही बोललं नाही, म्हणून पुन्हा जोरात, "बरं री! बरं री!"

आणि फोन चालू ठेवून झोपलो.

पहाटे साडेपाचला दारात हॉर्न वाजला. जीप. बायका. बुट्ट्या. सगळ्यांच्या पुढे इरकल नेसलेल्या विहीणबाई, तोंडभर हसत. "एवढ्या रात्री बोलावलाव, म्हणून सगळ्यांना घेऊन आलो री!"

लीलाने नातीला खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटून म्हणाली, "अण्णा, बर्री म्हणजे 'या की'!"

बायकोने सहा बायकांच्या चहाचं आधण ठेवलं, माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आवो, फोन चालू ठेवा म्हनले हुते मी. तोंड न्हवं!"